हजेरीपटावरचा दिग्दर्शक

इटलीतल्या बेर्गामोचा एर्मान्नो ओल्मी अगदी तरुण वयात मिलानच्या एडिसन-व्होल्टा या वीज कंपनीत कारकून म्हणून लागला. आईही तिथेच कामाला होती. फावल्या वेळात कर्मचाऱ्यांची नाटकं बसवणं हळूहळू त्याच्याकडे आलं. पुढे कंपनीने त्याच्या हाती कॅमेरा दिला. धरणं बांधली जात होती, विजेच्या तारा डोंगरांवरून ओढल्या जात होत्या, ते सगळं टिपून ठेवायचं होतं. 1953 पासून त्याने असे चाळीसच्या आसपास माहितीपट केले.

कंपनीचा माहितीपट म्हटला की साहेब, यंत्रं आणि आकडे आलेच. ओल्मीची नजर मात्र यंत्राशेजारच्या माणसावर जायची. 1959 साली धरणावरचा असाच एक माहितीपट करता करता त्याचा पहिला मोठा चित्रपट झाला. बर्फामुळे बांधकाम थांबलेलं. राखणीला दोघंच, एक वयस्क आणि एक विद्यार्थी. जेवण, झोप, तुटक बोलणं, एक वादळ. दोघांची हळूहळू गट्टी जमते, एवढीच गोष्ट.

1961 मध्ये ‘इल पोस्तो’ आला. खेड्यातला लाजरा मुलगा शहरातल्या मोठ्या कंपनीत पहिल्यांदा नोकरीला लागतो. एक कारकून वारतो आणि त्याचं टेबल या मुलाला मिळतं. लगेच मागचे कुरकुरतात, सगळे एकेक टेबल पुढे सरकतात आणि मुलाच्या वाट्याला शेवटचं, अंधारातलं टेबल येतं. ज्याने नोकरी केली आहे, त्याला इथे हसू येईल आणि आवंढाही. ओल्मीने हे कुठल्या पुस्तकातून काढलं नव्हतं. तो स्वतः अशाच टेबलांमध्ये वावरला होता.

नोकरीला लाथ मारून स्वप्नामागे धावणाऱ्यांचं आपण फार कौतुक करतो. करावं. मला मात्र हा हजेरीपटावरचा दिग्दर्शक जवळचा वाटतो. नोकरीच्या वेळेतच त्याचं शिक्षण झालं, तेही शेजारच्या माणसाकडे नीट बघून. कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान त्याला 1978 मध्ये मिळाला, तो बेर्गामोच्या शेतकऱ्यांवरच्या चित्रपटासाठी. त्यात कामं करणारेही तिथले शेतकरीच होते. आज कामावर पोचलात की संगणक सुरू होईपर्यंत शेजारच्या टेबलाकडे जरा बघा. तो माणूस कागद कसे लावतो, फोनवर कुणाशी मऊ बोलतो, डबा कधी उघडतो. आणि दुपारी त्याच्यासोबत जेवायला बसा.