इथे काही नाही, असं कोण ठरवणार?

आजचं वाचन : उत्पत्ती २८:१०-१९



याकोब धोंडा उशाला घेऊन उघड्यावर झोपतो. सकाळी उठतो तो घाबरूनच. रात्रभर देव तिथे होता आणि याला पत्ताच नव्हता! हा उतारा वाचला की मला इंग्लंडमधलं एक चर्च आठवतं.

विल्टशर परगण्यात ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन नावाचं छोटंसं शहर आहे. तिथल्या होली ट्रिनिटी या पॅरिश चर्चच्या अगदी जवळ त्याहूनही जुनं एक दगडी चर्च उभं आहे, सेंट लॉरेन्स. सॅक्सन काळातलं, साधारण हजार वर्षांपूर्वीचं. आतली मुख्य खोली जेमतेम २५ फूट लांब, आणि उंचीही जवळपास तेवढीच.

गंमत अशी, की कित्येक पिढ्या हे चर्च आहे हेच गाव विसरून गेलं होतं. भाविक उभे राहायचे त्या जागी शाळा भरायची. वेदीच्या भागात कुणीतरी संसार थाटला होता. आजूबाजूची बांधकामं भिंतींना चिकटली होती. आणि वर, भिंतीत, दगडात कोरलेले दोन देवदूत. १८५६ मध्ये होली ट्रिनिटीचे पाळक विल्यम जोन्स यांनी उंचावरून त्या छपरांकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की अरे, हा तर चर्चचा आकार आहे! बाराव्या शतकातल्या विल्यम ऑफ माम्सबरी या मठवासी इतिहासकाराने ब्रॅडफर्डमधल्या एका लहानशा चर्चची नोंद केली होती. हेच ते, असं जोन्सना वाटलं. पुढे ती इमारत मोकळी झाली, आणि आज तिथे पुन्हा प्रार्थना होते.

मग मधली वर्षं ते चर्च होतं की नव्हतं?

हा प्रश्न मला घरातच बोचतो. आई गेल्यापासून पप्पा चर्चला येत नाहीत. जेवणाआधीची प्रार्थनाही सुटली. मागच्या नाताळात मी चिडून म्हणाले, "पप्पा, तुमचा विश्वास संपलाय." ते काही बोलले नाहीत. ताट उचलून आत गेले.

त्या शाळेत मुलं पाढे म्हणत होती, त्या घरात कुणीतरी चूल पेटवत होतं. त्यात त्यांचा काय दोष? पण मी जे केलं, त्यात माझा दोष आहे. मी एका माणसाकडे रोजच्या जागेवरून, रोजच्या नजरेनं पाहिलं आणि निकाल देऊन टाकला. पप्पांच्या आत काय उरलंय हे मला माहीत नाही. कदाचित फक्त दुःख असेल. पण 'काही नाही' असं म्हणण्याचा हक्क मला कुणी दिला?

जोन्सनी ते चर्च बांधलं नाही. त्यांनी ते ओळखलं. आणि ओळखल्यावर ते मोकळं व्हायलाही वर्षं लागली. घाई करून भिंती पाडल्या असत्या, तर देवदूतही गेले असते.

आज पप्पांना फोन करणार आहे. चर्चचा विषय काढणार नाही. आधी माफी मागणार आहे.

प्रार्थना : प्रभू, मी जिथे 'इथे काही नाही' म्हणून पुढे निघून जाते, तिथे मला थांबव. आमेन.

तुम्ही कुणाबद्दल असा निकाल देऊन टाकलाय का?