हात तिने उगारला तेव्हा

जुलै २०२५ मध्ये नालासोपाऱ्यात एका घराच्या फरशीखाली नवऱ्याचा मृतदेह सापडला आणि संशय बायकोवर गेला. मेरठमध्ये एका नवऱ्याचा मृतदेह ड्रममध्ये सापडल्यापासून निळ्या ड्रमचे विनोद मोबाइलवर फिरतच होते, त्यांत आता आपल्या वसई तालुक्याची भर पडली. कळंबच्या किनाऱ्यावर सकाळच्या मोकळ्या हवेत फिरतानाही हा विषय मला सोडत नाही. माणूस जिवानिशी गेला, त्यावर हसायचं कसं?

अशी हत्या विरळाच. पण थप्पड, फेकून मारलेलं भांडं, चावा, रोजचा अपमान, पगारावर आणि फोनवर पहारा, हे बायकाही करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने (२०१९-२१) विवाहित स्त्रियांना हे थेट विचारलं. नवरा मारत नसतानाही आपण कधीतरी त्याच्यावर हात टाकला, असं सुमारे ४ टक्के जणींनी सांगितलं. नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या मात्र सुमारे २९ टक्के. यातला एक आकडा दाखवून दुसरा झाकणं मला अप्रामाणिक वाटतं. शिवाय ज्यांनी मार खाल्ला, त्यांच्यात हात उगारणाऱ्यांचं प्रमाण जास्त आढळतं. म्हणजे काहींचा हात वर्षानुवर्षांच्या मारानंतर उठलेला असतो. सगळ्यांचा नाही. काहीजणींना नवरा मुठीत हवा असतो, आणि त्यासाठी त्या त्याला भीतीत ठेवतात. मायकेल जॉन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये भांडणात भडकणारी हिंसा आणि धाकात ठेवणारी हिंसा वेगळी काढली. तो फरक स्त्रीच्या बाबतीतही पाहायलाच हवा.

मार खाणारा पुरुष गप्प राहतो. ‘बायकोचा मार खातो’ हे ऐकण्यापेक्षा बाइकवरून पडलो म्हणणं त्याला सोपं जातं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा त्याच्यासाठी नाही. पण दुखापतीची तक्रार तो करू शकतो, आणि हिंदू विवाह कायद्यात क्रूरतेवरून घटस्फोट दोघांनाही मागता येतो. हे त्याला कुणीतरी न हसता सांगायला हवं.

आणि तिचं काय? ‘मीच मारलं’ म्हणत ती आली, तर पोलिसांच्या भरोसा सेलमधल्या ताईंनी तिला एकटीला बसवून विचारावं: पहिल्यांदा हात कधी उठला? त्याआधी काय झालं होतं? आता तुमच्या घरात कोण कोणाला घाबरतं?