उसना कार्यभार

रजेवर गेलेल्या सहकाऱ्याचे काम पाहण्याचा प्रसंग सरकारी नोकरीत बहुतेकांवर कधी ना कधी येतोच. खुर्ची तीच, शिक्का तोच. सहीखाली मात्र 'प्रभारी' हा शब्द येतो. या एका शब्दाने मनुष्याचे कर्तव्य किती हलके होते, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

व्यवहारात त्याचे उत्तर ठरलेले असते : साहेब येईपर्यंत कागद थांबू द्यावा. महाविद्यालयात त्याने फारसे बिघडत नाही. बुडालेला तास पुढच्या आठवड्यात घेता येतो. परंतु आमच्या लातुरासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी जो तुरुंग असतो, तेथे हेच उत्तर लागू केले तर काय होईल, याचा वाचकांनी विचार करावा. तेथील दप्तरही इतर दप्तरांसारखेच दिसते. पण त्यातील जामिनाचा हुकूम थांबला, की त्याबरोबर एक मनुष्य कुलपाआड थांबतो. त्याचा गेलेला दिवस कोणत्याही रजेच्या हिशेबात परत मिळत नाही.

१८९४ च्या तुरुंगविषयक कायद्याने हे ओळखले होते. त्याच्या विसाव्या कलमाने दुय्यम तुरुंगाधिकाऱ्यास, अधीक्षकाच्या हुकमास अधीन राहून, तुरुंगाधिकाऱ्याचे कोणतेही काम करण्याचा अधिकार दिला, आणि त्याच वाक्यात त्या पदाची सर्व जबाबदारीही त्याच्यावर ठेवली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ४७९ वे कलम याहून पुढे जाते. काही अपवाद सोडता, कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेची निम्मी मुदत, आणि पहिलाच गुन्हा असल्यास एक तृतीयांश मुदत, तुरुंगात काढली, की त्याच्या सुटकेसाठी न्यायालयाकडे तत्काळ लेखी अर्ज करणे हे अधीक्षकाचेच काम ठरविले आहे. अधीक्षक रजेवर असले म्हणून ती तारीख पुढे सरकत नाही.

कागद थांबल्याने काय होते, याचे उदाहरण बिहारातील रुदल शाह याचे आहे. ३ जून १९६८ रोजी तो निर्दोष सुटला. तुरुंगाबाहेर आला तो १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यास भरपाई देवविली. हा दोष कोणा प्रभाऱ्याचाच होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु 'हे माझे काम नव्हे' या वृत्तीचा पल्ला किती लांब जाऊ शकतो, ते येथे दिसते.

यावर कोणी म्हणेल, की दोन दिवसांच्या पाहुण्याने घराच्या भिंती हलवू नयेत. हे अगदी खरे आहे. नवी शिस्त लावणे, कंत्राट बदलणे, मूळ अधिकाऱ्याने विचारपूर्वक केलेली व्यवस्था मोडणे, हे प्रभाऱ्याचे काम नव्हे. शिवाय त्याचे स्वतःचे काम असतेच, आणि दुप्पट श्रमाबद्दल आभारही क्वचितच मिळतात. तथापि कोणते काम थांबवावे व कोणते नाही, हे ठरविण्याची एक कसोटी आम्हास दिसते : विलंबाची झळ कोणास लागते? ती कचेरीस लागत असेल तर कागद खुशाल थांबावा. कैद्यास लागत असेल तर तो त्याच दिवशी निघाला पाहिजे.

भरताने सिंहासनावर पादुका ठेवल्या, स्वतः त्यावर बसला नाही. पण म्हणून प्रजेचे गाऱ्हाणे राम परत येईपर्यंत त्याने तहकूब ठेवले नाही. अधिकार उसना असू शकतो. ज्याच्यावर तो चालतो त्याचे आयुष्य उसने नसते.