ईश्वरचिठ्ठीचा अधिकार

बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला शेतात जो घट मांडला जातो, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई आणि भोवती अठरा धान्यांचे दाणे अशी रचना असते. रात्री तेथे कोणी थांबत नाही, आणि पहाटे कोणते दाणे सरकले, कोणते ढेकूळ भिजले, यांवरून पाऊसपाण्याचे व पिकांचे भाकीत वर्तवले जाते. माणसाचा हात जेथून निघतो तेथे दैवाची इच्छा प्रकट होते, अशी यामागची श्रद्धा आहे. वैद्यकीय चाचणीतील यादृच्छिक वाटप, म्हणजे कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळावा हे डॉक्टरच्या पसंतीवर न सोडता चिठ्ठीसारख्या निव्वळ योगायोगाने ठरवणे, हेही माणसाचा हात बाजूला करते. परंतु तेथे चिठ्ठीला काही सांगायचे नसते, आणि तिच्या या मौनामुळेच दोन्ही गट सारखे मानून त्यांची तुलना करता येते.

मग आजारी माणसाला अशा मुक्या चिठ्ठीच्या हवाली करणे धर्म्य कसे ठरते? ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन उमेदवारांना समसमान मते पडली तरच ईश्वरचिठ्ठी काढली जाते. एका मताचाही फरक असेल, तर ती काढण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. उपचारांच्या बाबतीतही, दोहोंपैकी सरस कोणता याविषयी जाणकारांना प्रामाणिक संशय असेल तोवरच चिठ्ठी न्याय्य असते. ब्रिटनमध्ये 1948 साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत क्षयाच्या 107 रुग्णांचे वाटप बंद लिफाफ्यांतून झाले. औषधच इतके तुटपुंजे होते की ते सर्वांना देणे शक्य नव्हते, आणि त्यामुळे त्या चिठ्ठीला दुहेरी आधार होता.

तत्कालीन उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून झालेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचणीत हा आधार इतका भक्कम राहत नाही. तेथे 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांच्या गावांचे 52 समूह करून चिठ्ठीने चार गट पाडण्यात आले. तीन गटांत वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली, तर चौथ्यात, म्हणजे तुलनेसाठी राखलेल्या नियंत्रण गटात, नेहमीची व्यवस्थाच चालू राहिली. या कर्करोगाला कारणीभूत असलेल्या विषाणूच्या तपासणीच्या गटात या रोगाने 34 स्त्रिया दगावल्या, नियंत्रण गटात 64. या आकड्यांनी असंख्य स्त्रियांच्या हिताचे ज्ञान दिले, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. पण नियमित तपासणीने हा रोग आटोक्यात येतो हे अन्य देशांत आधीच दिसून आले होते, त्यामुळे ‘कोणती तपासणी’ हा प्रश्न खुला असला तरी ‘तपासणी की काहीच नाही’ हा तितका खुला नव्हता. त्या भागात तपासणीची सोय एरवीही नव्हती, चाचणीने कोणाचे काही हिरावले नाही, हे समर्थन खोटे नाही. तरीही ते अपुरे आहे, कारण सोय नसणे हे दैव नव्हे, ती माणसांनी चालवलेली व्यवस्था आहे, आणि तिच्यावर ईश्वरचिठ्ठीची मोहोर उमटवली म्हणून तिचे दायित्व ईश्वराकडे जात नाही. शिवाय समूहांच्या चाचणीत चिठ्ठी गावाच्या नावाने आधीच निघते आणि बाईची संमती नंतर विचारली जाते, त्यामुळे तिने होकार दिला तरी तो वाटपाला दिलेला नसतो, वाट्याला आलेल्या गटाला दिलेला असतो.