आयुष्य कुणी घटवले?



वस्तीत एखादे माणूस ऐन उमेदीत गेले, की भेटायला आलेली मंडळी एकच वाक्य बोलून उठतात, "तेवढेच आयुष्य होते." कुणी सांत्वनासाठी बोलतो, कुणी सवयीने बोलतो. पण हे वाक्य धम्मातले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला धम्मदीक्षा दिली. आपण देव सोडले, नवस सोडले, श्राद्ध-पिंडदान सोडले. देव्हारे रिकामे झाले. सटवाईने कपाळावर लिहिले म्हणतात ते मात्र कपाळावरच राहिले! आज त्या वाक्याची चौकशी करू या.

असाच प्रश्न सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारला होता. काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्माचे फळ असते. आपले काय म्हणणे आहे? भगवंतांनी उत्तरात पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र बिघाड, ऋतूतला बदल, शरीराची नीट निगा न राहणे, बाहेरून झालेला आघात, अशी एकेक कारणे मोजली. कर्म त्या यादीत शेवटचे आठवे. आणि सारे काही पूर्वकर्मामुळेच घडते म्हणणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्याही पलीकडे जातात आणि जगाला ठाऊक असलेल्या सत्याच्याही पलीकडे जातात, असे त्यांनी स्पष्ट बजावले. बाबासाहेबांनी तर गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत मुळातूनच नाकारला, कारण गरिबाच्या दुःखाची जबाबदारी गरिबाच्याच माथी मारून समाज मोकळा होतो, हे त्यांनी ओळखले होते.

मग आयुष्य कशाने घटते? दीघनिकायात चक्कवत्तिसीहनाद नावाचे सुत्त आहे. आपल्या विहारांतून ते फारसे वाचले जात नाही, आणि हे मला नेहमी खटकत आले आहे. त्यात एका राजाची कथा आहे. त्याने प्रजेचे रक्षण केले, पहारे बसवले, सर्व व्यवस्था लावली. फक्त एक गोष्ट केली नाही. निर्धनांना धन दिले नाही. त्यातून दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी आली. राजाने चोराला आधी पैसे देऊन पाहिले, तर चोऱ्या वाढल्या. मग शिरच्छेद सुरू केला, तर लोकांनीही शस्त्रे उचलली. चोरीतून हत्या, हत्येतून असत्य, आणि प्रत्येक पायरीवर माणसांचे आयुष्य घटत गेले. ऐंशी हजार वर्षांचे चाळीस हजार झाले, आणि उतरत उतरत शेवटी दहा वर्षांवर आले. आकडे कथेतले आहेत, ते अक्षरशः घेऊ नका. पण क्रम पाहा. आयुष्य घटण्याची सुरुवात रोग्याच्या शरीरात झालेली नाही, ती राजाच्या भांडारात झाली आहे.

आता आजचे आकडे घ्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, ओडिशा, आसाम यांसह नऊ राज्यांतल्या दोन कोटींहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्या नोंदी २०१०-११ च्या सरकारी पाहणीतल्या. उच्चवर्णीय हिंदूंच्या मानाने दलितांचे सरासरी आयुर्मान तीन वर्षांहून अधिक कमी, आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आणि मुसलमानांचे सुमारे एक वर्षाने कमी आढळले. आपले महाराष्ट्र राज्य त्या नऊंत नव्हते, म्हणून कुणी निःश्वास सोडायचे कारण नाही. "गरिबीमुळे असेल," असे म्हणून हा विषय बाजूला सारता येत नाही. आर्थिक स्थितीने या फरकाचा निम्म्याहून कमी भाग समजावता येतो, असे त्याच अभ्यासात दिसले. उरलेले कुठून आले? ते शोधायला फार लांब जावे लागत नाही.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींच्या टिपणात बाबासाहेबांनी काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र नोंदवले आहे. ते १९२९ साली 'यंग इंडिया'त छापले गेले होते. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार होईना. नगरशेटजींकडून फीची हमी मिळाली तेव्हा आला, तोही वस्तीच्या बाहेर. त्या ओल्या बाळंतिणीला उचलून बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने पत्नीला. परत जाताना तोच प्रवास उलटा. दिव्याच्या उजेडात दुरून पाहून न्यूमोनिया सांगितला. पुढे प्रकृती बिघडली तेव्हा तो आलाच नाही. ती बाई गेली. आता सांगा, मृत्यूचे कारण काय लिहायचे? न्यूमोनिया? डॉक्टर होता, औषध होते, पैशाची सोयही झाली होती.

आज हात लावायला कुणी उघड नकार देत नाही. पण वस्ती अजून गावाच्या उताराला आहे, सांडपाणी तिकडेच येते, नळाला पाणी शेवटी तिथे पोचते. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती समतेसाठी, हे खरेच. पण पाणी ही आरोग्याचीही पहिली गोष्ट आहे, हे आपण त्या दिवसाच्या भाषणांत विसरून जातो. हाताने मैला साफ करण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी गटारात उतरून माणसे मरतात. म्हणून तर ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर न्यावी लागली. उतरणारे कोण असतात, हे या पाक्षिकाच्या वाचकाला सांगायला नको.

यावर कुणी म्हणेल, कारण समाजात आहे तर दवाखाना काय करणार? याचे उत्तर विनयपिटकात आहे. एका विहारात एक भिक्खू अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडून होता. तथागत आनंदांसह फिरत तिथे आले. भगवंतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले, दोघांनी उचलून त्याला मंचकावर ठेवले. ही कथा आपण पुष्कळदा सांगतो, पण इथेच थांबतो. पुढचे अधिक महत्त्वाचे आहे. भगवंतांनी संघ जमवून विचारले, याची सेवा कुणी का केली नाही? उत्तर आले, तो भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही. किती ओळखीचे उत्तर! तेव्हा तथागतांनी, माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे सांगितले. आणि मग नियम घातला. आजाऱ्याला उपाध्याय असेल तर त्याने पाहावे, आचार्य असेल तर त्याने, शिष्य असेल तर त्याने. कुणीच नसेल तर संघाने पाहावे. न पाहील तर तो दोष. म्हणजे करुणा एखाद्याच्या मर्जीवर ठेवली नाही, तिचे कर्तव्य केले, आणि आजारी माणूस उपयोगी आहे की नाही हा प्रश्नच बाद केला.

सार्वजनिक आरोग्यसेवा म्हणजे हाच नियम राज्याला लावणे. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या गिरिलेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी उपचाराची सोय केल्याचे, औषधी वनस्पती लावल्याचे, रस्त्यांवर विहिरी खोदल्याचे कोरून ठेवले. औषध आणि पाणी एकाच लेखात. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी पाठिंबा दिला आणि हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, कारण लोकांचे कल्याण हे सरकारचे काम आहे, अशी भूमिका मांडली. १९४६ च्या भोर समितीने पैशावाचून कुणी उपचारावाचून राहू नये हे तत्त्व धरले. संविधानाच्या ४७ व्या कलमात पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरले. आणि तरी २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. खिसा म्हणजे कुणाचे मंगळसूत्र, कुणाची एकरभर जमीन.

सेवा कारणापर्यंत कशी पोचते याचा एक नमुना आपल्याच जामखेडला आहे. १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथल्या खेड्यांत काम केले. दुष्काळात विंधन विहिरी घ्यायच्या ठरल्या, तेव्हा त्या दलित वस्तीत घेण्याचा त्यांनी आग्रह धरला. पाणी हवे तर साऱ्या गावाने वस्तीत यावे! गावच्या आरोग्यसेविका म्हणून निरक्षर, दलित बायांनाही शिकवले. ती संस्था सरकारी नव्हे. पण विहीर कुठे खोदायची हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे सरकारी दवाखान्यालाही त्यातून शिकता येते.

आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. गावोगावी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. आपल्या वस्तीतले तिच्यावर कोण आहे? ती शेवटची कधी बसली? आपण जयंतीला रुग्णालयात जाऊन फळे वाटतो, फोटो काढतो. वाटावीत, त्याला ना नाही. पण तिथे डॉक्टरची जागा रिकामी का, आशाताई वस्तीत का फिरकत नाही, हेही त्याच दिवशी विचारावे.

त्यासाठी प्रत्येक विहारात एक वही ठेवा. वस्तीत मृत्यू झाला की नाव, वय, आजार लिहा. गाडीला फोन कधी केला आणि ती कधी आली, दवाखान्यात डॉक्टर होते का, किती पैसे लागले आणि ते कुठून आणले, हेही लिहा. पौर्णिमेला वंदना झाल्यावर ती मोठ्याने वाचा. नंतर हीच वही घेऊन चारजण ग्रामसभेला जा, आणि अध्यक्ष म्हणाले की हा विषय आज पत्रिकेवर नाही, तर तो पुढच्या सभेच्या पत्रिकेवर घ्या असे लेखी द्या.