थ्री नॉट थ्रीचं मोल

थ्री नॉट थ्री, म्हणजे ली-एनफील्ड, या जुन्या लष्करी रायफलीची ओळख पटवायची तर नळीकडे नंतर बघायचं. लाकडी दस्ता जिथे पोलादाला येऊन मिळतो त्या जोडावर, उजव्या अंगाला, दोन बोटं रुंदीच्या जागेत तिचा सगळा ठावठिकाणा ठोकलेला असतो. इशापूरच्या रायफल कारखान्यात घडलेली ली-एनफील्ड असेल तर वर मुकुट, त्याखाली ‘जी. आर. आय.’, म्हणजे राजा आणि सम्राट जॉर्ज, मग कारखान्याचं नाव, साल, आणि शेवटी नमुन्याचा रोमन आकडा. आकड्यापुढे चांदणी असली तर पहिल्या महायुद्धाची घाई तिथे बोलते. १९१६ च्या सुमारास रायफली लवकर हव्या होत्या, म्हणून काडतुसांची पेटी बंद ठेवणारी पट्टी आणि लांबच्या माऱ्याची जादा साईट गाळली गेली. गाळल्याची खूण ती चांदणी. खाली पुढच्या लाकडात आरपार जाणारा स्क्रू दिसला तर हिंदुस्थानच्या हवेत लाकूड टिकावं म्हणून केलेली ती मजबुती. लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर त्या रायफलीने बॉम्ब फेकण्याचं काम केलेलं असतं.

मग क्रमांक बघायचे. ते नळीवर असतात, बोल्टच्या दांड्यामागे असतात, तोंडावरच्या पोलादी टोपीवर आणि साईटच्या पट्टीखालीही असतात. सगळीकडे एकच आकडा असेल तर हे भाग कारखान्यातून एकत्र निघाले आणि एकत्रच राहिले असं धरतात. संग्राहक पैसे मोजतो ते बरेचसे या एकाच गोष्टीचे.

ही नजर फार जुनी नाही. शस्त्रं जमवण्याचा शौक जुना आहे, पण तो होता तलवारी, कट्यारी, चिलखतं, सोन्याचांदीचं कोफ्तकाम केलेल्या बंदुका यांचा. लॉर्ड एगर्टन यांनी हिंदुस्थानी शस्त्रांची सूची १८८० साली छापली ती अशाच वस्तूंची. पुण्यात दिनकर केळकरांनी जे जमवलं, साताऱ्या-कोल्हापूरच्या संग्रहालयांत जे मांडलं आहे, त्यातही डोळा ठरतो तो कारागिरीवर. शिपायाची रायफल या पंगतीत बसणार कशी? ती लाखांनी निघायची, एकीसारखी दुसरी. तिला नक्षी नाही, घडवणाऱ्याचं नाव नाही.

दुसरं महायुद्ध संपलं आणि सरकारांना अशा लाखो रायफली नकोशा झाल्या. अमेरिकेत त्या टपालाने घरपोच मिळू लागल्या. लोक त्यांची लाकडं कापायचे, नळ्या आखूड करायचे आणि हरणाच्या शिकारीला न्यायचे. १९६३ साली अध्यक्ष केनेडींचा जीव घेणारी इटालियन रायफल अशीच टपालाने मागवलेली होती. दुर्बिणीसकट तिची जाहिरातीतली किंमत १९ डॉलर ९५ सेंट. १९६८ च्या कायद्याने ती टपालविक्री आणि परदेशी लष्करी मालाची आयात, दोन्ही थांबवली. तेव्हा लोकांना कळलं की न कापलेली, कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली रायफल आता शोधावी लागते. मेजर रेनॉल्ड्स यांचं ली-एनफील्डवरचं पुस्तक १९६० चं, आणि ऑस्ट्रेलियाच्या इयन स्केनर्टन यांनी पुढे त्याच रायफलीच्या प्रत्येक खुणेचा छडा लावला. अभ्यास आधी आला आणि भाव त्याच्या मागून चढला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकी कायद्यानेही पन्नास वर्षांपुढचं हत्यार ही वेगळी वस्तू मानली. २००३ साली नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातल्या सुमारे पन्नास हजार बंदुका अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या तेव्हा गंज आणि धुळीच्या थराखालून एकेक शिक्का वाचून काढणारी माणसं तयार होती.

खोटा मालही याच वाटेने ओळखला जातो. खैबर खिंडीच्या परिसरातले कारागीर हातोडी-कानशीवर हुबेहूब ब्रिटिश मार्टिनी रायफल उतरवायचे, पण शिक्क्यातलं एखादं अक्षर उलटं पडायचं, किंवा व्हिक्टोरिया राणीच्या आद्याक्षरांखाली १९०१ नंतरचं साल यायचं. राणी तर १९०१ च्या जानेवारीतच वारली.

आपल्याकडे याच खुणा वाचू लागलं की निराळीच हकीकत हाती येते. ती बाजारभावापेक्षा कितीतरी मोलाची आहे. १८५७ च्या उठावानंतर हिंदी पलटणींसाठी एनफील्डचा खास नमुना काढला गेला. दिसायला तीच बंदूक, पण नळी आतून गुळगुळीत. पेचदार खाचाच नाहीत, म्हणजे नेम लांबवर लागणार नाही. पुढे गोऱ्या शिपायाला मार्टिनी मिळाली तेव्हा हिंदी शिपायाच्या हाती तिच्या आधीची स्नायडर, आणि गोऱ्याला मॅगझिनवाली रायफल आली तेव्हा हिंद्याला मार्टिनी. एक पिढी मागे ठेवायचं हे धोरण विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चाललं. पोलिसांसाठी तर इशापूरला ली-एनफील्डची नळी मोठी आणि गुळगुळीत करून .४१० ची मस्केट बनवली जाई. तिच्या काडतूसपेटीच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवलेला असतो, म्हणजे एका वेळी एकच बार. ज्याच्या हाती दिली त्याच्यावरचा अविश्वास सरकारने त्या ठोकळ्यात कायमचा बसवून ठेवला. हा ठोकळा जागेवर असलेली मस्केट मला कोणत्याही नक्षीदार बंदुकीपेक्षा अधिक जपण्यासारखी वाटते.

स्वातंत्र्यानंतर कायदा बदलला, पण भीतीचा धागा उरला. आजच्या शस्त्रनियमांतही .३०३ आणि ७.६२ च्या बोल्ट रायफली, आणि .४१० ची मस्केटसुद्धा, निषिद्ध बोअरमध्ये मोडतात. साध्या परवान्यावर त्या मिळत नाहीत. म्हणून शेतकऱ्याच्या घरी परवान्याची रायफल दिसलीच तर ती .३१५ ची, इशापूरचीच, ली-एनफील्डच्याच घराण्यातली, फक्त फौजेचं काडतूस तिला चालत नाही. १९८० च्या दशकात खासगी आयात बंद झाल्यावर जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरचे भाव लाखांत गेले. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मुभा उरली, वारशाने आलेली धरून. या सगळ्यातून आपल्याकडे किंमत ठरली ती टंचाईची. वस्तूत काय लिहिलं आहे याचा त्या किमतीशी फारसा संबंध नाही, आणि मला खंत आहे ती याचीच.

वाचायला जमत नसलं की खुणा पुसल्याही जातात. खंडेनवमीला शस्त्राची पूजा करायची म्हणून घरातली ठासणीची बंदूक चिंचेने, राखेने, पॉलिश पेपरने लखलखीत घासतात. त्यात भक्ती असते, तिच्याविषयी मला आदरच आहे. पण वर्षानुवर्षं घासल्याने शिक्क्याच्या कडा जातात, मग अंक जातात. पोलादावर बसलेला तपकिरी थर हा तिचा पुरावा असतो. मऊ फडकं आणि तेलाचं बोट एवढ्यात पूजा साजरी व्हायला हरकत नाही.

नंदुरबार जिल्ह्याला हे वाचन का हवं, ते आता सांगतो. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या माणिक चौकात विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा गेले. शिरीषकुमार अजून सोळा वर्षांचाही नव्हता. पुढच्याच वर्षी, २ मार्च १९४३ ला, तळोदा तालुक्यातल्या रावलापाणीला संत गुलाम महाराजांच्या आदिवासी अनुयायांवर गोळीबार झाला. महाराज १९३८ सालीच गेले होते, रामदास महाराज तेव्हा त्या मेळ्याचे पुढारी होते. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, अशी शिकवण असलेली ही माणसं. तिथल्या नाल्याच्या दगडांवर गोळ्यांच्या खुणा आजही दाखवतात.

दगडावरची खूण आणि पोलादावरची खूण यांची गाठ घालायचं शास्त्र संग्राहकांनी पैशाच्या ओढीने उभं केलं, पण ते आपल्या कामाचं आहे. खाचांच्या नळीतून आलेली कवचाची गोळी आणि मस्केटची शिशाची गोळी दगडाला सारखी लागत नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ अक्षरं आणि साल असतं. सातपुड्याच्या मातीतून वर आलेलं एक रिकामं काडतूस कुणी खिशात घालून नेलं की त्यातला पुरावा तिथेच संपतो. कुठे, कोणत्या दगडापाशी सापडलं ते टिपून ठेवलं तर तेच काडतूस साक्ष देतं. बाजारात याला हत्याराचा पूर्वेतिहास म्हणतात आणि त्याची किंमत करतात. इथे ती किंमत करायची नाही, पण नोंद तेवढ्याच काटेकोरपणे व्हायला हवी.

वेळ फार नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित बंदुकांसमोर थ्री नॉट थ्री घेऊन उभे राहिलेले पोलीस सगळ्या देशाने पाहिले, आणि ही रायफल रजा घेणार हे तेव्हाच ठरलं. उत्तर प्रदेशाने २०२० च्या प्रजासत्ताकदिनी तिला समारंभाने निरोप दिला. बाद झालेलं हत्यार भट्टीत जातं. ते सामान्यांच्या हाती जाऊ नये हे मला पूर्ण मान्य आहे. पण भट्टीत टाकण्याआधी जोडावरच्या शिक्क्याचं छायाचित्र, सगळ्या भागांवरचे क्रमांक, आणि शस्त्रागाराच्या नोंदवहीतली तिची ओळ एवढं उतरवून घ्यायला एका हवालदाराला एका रायफलीमागे पाव तास पुरेल. राज्यभर हे झालं तर कोणत्या साली कोणत्या जिल्ह्याला कसली हत्यारं दिली, कुठे रायफल आणि कुठे मस्केट, याचा नकाशाच उभा राहील. बिरसा मुंडांचा उठाव शिकवणाऱ्या आपल्या शाळांतून रावलापाणीही मग पुराव्यानिशी शिकवता येईल.

आणि बोल्ट कायमचा बाद करून एक रायफल, ठोकळ्यासकट एक मस्केट, नंदुरबारात लोकांना बघायला ठेवावी. शेजारी सातपुड्यातला तीर-कामठा हवा. संग्रहालयांत त्याच्याखाली बहुतेकदा ‘भिल्लांचे धनुष्य’ एवढंच लिहिलेलं असतं. इशापूरच्या रायफलीचं साल आणि नंबर आपण लिहिणार असू, तर त्या कामठ्याखालीही गाव यावं, बांबू कुठला ते यावं, दोरी कशाची ते यावं, आणि तो वाकवणाऱ्या कारागिराचं नाव यावं.