देहाची निगा हा स्वार्थ आहे काय?

वाचकहो, रोज दहा मिनिटे सांधे मोकळे करा आणि श्वासाकडे लक्ष द्या, असे सांगितले की आपल्या वस्त्यांतून दोन प्रश्न हमखास येतात. दिवसभर राबणाऱ्याला व्यायाम कशाला? आणि घराचे, समाजाचे एवढे काम पडले असताना स्वतःच्या देहाकडे पाहत बसणे हा स्वार्थ नव्हे काय? दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. त्यांना उत्तर दिलेच पाहिजे.

राबणे आणि व्यायाम या एकच गोष्टी नव्हेत. झाडू मारणारी बाई दिवसातून शेकडो वेळा कमरेत वाकते. पण दोन्ही हात वर नेऊन पाठ सरळ ताणण्याची वेळ तिच्यावर क्वचितच येते. शिलाई यंत्रावरच्या कारागिराची मान सदैव पुढे झुकलेली असते. तेच तेच स्नायू शिणतात, बाकीचे आखडतात. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलला म्हणजे त्यातील वंगणासारखा द्रव तिच्यात मुरतो आणि तिचे पोषण होते. म्हणून काम कितीही केले तरी प्रत्येक सांधा सर्व बाजूंनी फिरवण्याची गरज उरतेच. शिवाय कामातील वेग, वजन आणि विसावा मालक ठरवतो. व्यायामात ते आपण ठरवतो. हा फरक लहान नाही.

आता स्वार्थाचा प्रश्न. गौतमाने तपश्चर्येच्या काळात श्वास रोखून ध्यान केले, असे मज्झिम निकायात आले आहे. मस्तकात असह्य वेदना झाल्या, हाती काही लागले नाही. त्यांनी तो मार्ग सोडला आणि पुन्हा अन्न घेतले. पुढे त्यांनी आनापानसती शिकवली. तिच्यात श्वासावर जबरदस्ती नाही. तो लांब असेल तर लांब आहे, आखूड असेल तर आखूड आहे, एवढे जाणायचे. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची ताकद येते, प्रयत्नाची ताकद येते, आजार कमी होतात, अन्न पचते आणि मिळालेली समाधी टिकते. पहिले दोन लाभ नीट पाहा. बहुजनांच्या हितासाठी गावोगाव पायी फिरायचे, तर पाय धड हवेत! उलट, ज्या देहाची निगा राखली नाही तो शेवटी कुणावर तरी ओझे होऊन पडतो, आणि ते ओझे बहुधा घरातील बाईच उचलते. मग स्वार्थ कशात आहे, याचा विचार तुम्हीच करा.

काय करावे? मान सावकाश दोन्ही बाजूंना वळवावी. खांदे, मनगटे, घोटे फिरवावेत. हात वर ताणावेत, कमरेतून डावी-उजवीकडे वळावे. आधार घेऊन खुर्चीवरून पाच-सात वेळा उठावे, बसावे. मग दोन मिनिटे स्वस्थ बसून नाकाने येणारा-जाणारा श्वास नुसता जाणावा; रोखू नये. कळ आली किंवा चक्कर आली तर थांबावे आणि डॉक्टरला दाखवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सुचवली. पण मुळीच न करण्यापेक्षा थोडे केलेलेही बरे, हेही त्याच वेळी सांगितले.

मात्र एक सावधगिरी हवी. दहा मिनिटांचा व्यायाम हा विश्रांतीचा मोबदला नव्हे. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले, आणि ते विधेयक मांडले गेले तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. ज्या देहाला विसाव्याचा हक्क मिळावा म्हणून कायदा करावा लागला, त्या देहाला आपणच तुच्छ लेखावे काय? हक्कासाठी संघटित व्हा, आणि रोजची दहा मिनिटेही सोडू नका. उद्या सकाळी कामावर निघण्यापूर्वी सुरुवात करा.